मेजर जमिनीवर असतोय

आमच्या भागात फौजेतून रिटायर होऊन आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. तो तिकडं स्वयंपाकी असो, ड्रायव्हर असो, नाहीतर बिगूल वाजवणारा असो. पेन्शन सुरू झाली की तो मेजर. बहुतेकांना ते आवडतं. न आवडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याच्याच घरात मी भाड्यानं राहत होतो.

"मेजर जमिनीवर असतोय," ते सांगायचे. "आमी पाण्यातली माणसं. नेव्हीत मेजर हा हुद्दाच न्हाय."

"मग तुमचा हुद्दा काय होता?" असं कुणी विचारलं की ते तो सांगायचे. तो इंग्रजीत होता आणि जरा लांब होता. विचारणारा शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं मेजर, येतो मग."

मी तेव्हा गटसचिव होतो, म्हणजे गावोगावच्या सहकारी सोसायट्यांचं दप्तर सांभाळणारा. परंडा तालुक्यात एका पाझर तलावाच्या दोन बाजूंना दोन गावं, आणि दोन्ही गावांच्या सोसायट्या माझ्याकडं. मी मूळचा त्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचा. अलीकडच्या गावात खोली शोधत होतो, तेव्हा सिमेंटचं, संडास असलेलं घर एकच निघालं. ते बौद्धवस्तीत होतं. "तिथं राहणार?" असं मला गावातल्या तिघाचौघांनी विचारलं. संडास कुठं आहे ते दाखवा, असं मी म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला. घरमालकांना मी मामा म्हणू लागलो आणि त्यांच्या बायकोला मामी. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्या शेजारी बुद्धाचा, आणि त्याच्या शेजारी हिंदी महासागराचा नकाशा. पाहुणा आला की मामा त्याला नकाशासमोरच्या खुर्चीवर बसवायचे. पाठ करून बसायची सोय नव्हती.

मामांचं नेव्हीतलं काम ऐकण्याचं होतं. जहाजातून पाण्यात आवाज सोडायचा, तो कशावर तरी आपटून माघारी येतो, तो कानाला यंत्र लावून ऐकायचा. माघारी आलेला आवाज खडकाचा आहे, माशांच्या थव्याचा आहे, का शेजारी देशाच्या पाणबुडीचा, हे ओळखायचं. पंधरा वर्षं त्यांनी हेच केलं. मामींचं यावर म्हणणं एवढंच होतं, "पाणबुडी ऐकू येती. दळण आणा म्हटलेलं ऐकू येत न्हाय."

गावात आल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नव्हतं. संध्याकाळी ते तलावाच्या भिंतीवर जाऊन बसायचे आणि पलीकडच्या गावाचा कानोसा घ्यायचे. एकदा त्यांनी आमच्या सोसायटीच्या चेअरमनना येऊन सांगितलं की पल्याडच्यांनी तलावावर चोरून दुसरी मोटर बसवली आहे, आवाज येतोय. चेअरमन पंधरा-वीस माणसं घेऊन तलावाला वळसा घालून गेले. पलीकडं पिठाच्या गिरणीला नवं इंजिन बसवलं होतं, त्याचा तो आवाज. गिरणीवाल्यानं सगळ्यांना पेढे दिले. मामा अजिबात शरमले नाहीत. "खबर खोटी निघाली म्हणून पहारा सोडायचा नसतोय," ते म्हणाले.

पेपर एस.टी.नं दुसऱ्या दिवशी यायचा. मामा त्यात फक्त समुद्र वाचायचे. शेजाऱ्यानं फ्रान्सकडून पाणबुड्या घेतल्या, आपण रशियाकडून घेतल्या, मग त्यांनी काय केलं, मग आपण काय केलं. हे सगळं ते गोठ्यात कुणाच्या किती म्हशी वाढल्या अशा सुरात सांगायचे. "शेजारी काय करतोय ते बघू नका, सेक्रेटरी," ते मला म्हणायचे. "त्याला काय करता येईल ते बघा." मी हे सोसायटीच्या कामात वापरून पाहिलं. भलताच उपयोग झाला.

झेंड्याची गाठ नीट बांधता येणारे गावात तेच एक, म्हणून पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना बोलवावं लागायचं. आणि बोलवलं की दोन शब्द बोला म्हणावं लागायचं. मी गेलो त्या वर्षीचं भाषण मला आठवतं. ते म्हणाले, "आपलं शेजाऱ्याशी भांडण हाय, हे तुमाला म्हाईत हाय. तुमाला वाटतं ते तिकडं काश्मीरला, बर्फात. पण समुद्राला बांध नसतोय. बांध असला की माणूस म्हणतो, हे तुझं, हे माझं. जिथं बांधच न्हाय तिथं दोघं बी रोज बघत्यात, कोण किती पुढं आलाय."

पुढच्या रांगेतले सरपंच म्हणाले, "पण मेजर, समुद्राचा आन आपला काय संबंध? आपल्याला प्यायला पाणी न्हाय."

"बहात्तरच्या दुष्काळात काय खाल्लं?" मामांनी विचारलं.

हा प्रश्न आमच्या भागात कुणालाही विचारला की तो गप्प होतो.

"मिलो खाल्ला. लाल मिलो ज्वारी. हाच तलाव खोदताना खाल्ला, दोन्ही गावांनी मिळून. तो परंड्यात पिकला होता का बार्शीत? सातासमुद्रापल्याड पिकला. जहाजातनं आला. समजा, शेजाऱ्याच्या पाणबुड्या बंदराच्या तोंडाशी बसल्या असत्या आन जहाज आत येऊ दिलं नसतं. मग चुलीवर काय शिजलं असतं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "मिलो आला नसता तर बरंच झालं असतं मेजर! पोट लई दुखायचं!"

सगळी शाळा हसली. हेडमास्तरही हसले. मामा हसू संपेपर्यंत थांबले.

"व्हय, दुखायचं," ते म्हणाले. "पण दुखायला पोट राहिलं."

मग त्यांनी रॉकेलकडं मोर्चा वळवला. कंदिलातलं रॉकेल कुठल्या आखातातून, कुठल्या वाटेनं, कुणाच्या किनाऱ्याला घासून येतं, हे सगळं त्यांनी पोरांना सांगितलं. परिणाम असा झाला की रेशन दुकानात रॉकेल संपलं की लोक दुकानदाराला सोडून मामांना विचारू लागले, "मेजर, रॉकेल कधी यायचं?" मामा पेपर बघून गंभीरपणे सांगायचे, "वाटंला लागलंय."

तलावाचं भांडण मी गेलो त्याच्या आधीच सुरू झालं होतं. आमच्या गावानं पाणी उपसायची सहकारी संस्था काढली आणि पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली. पलीकडच्यांनीही संस्था काढली आणि साडेसातची बसवली. आमचे चेअरमन सल्ला विचारायला मामांकडं आले, कारण शत्रूविषयी कळणारा माणूस गावात तोच. मामांनी त्यांना नकाशासमोर बसवलं आणि समजावलं, "हे असंच असतंय. त्यांनी साडेसात आणली म्हणून तुमी दहा आणाल. तुमी दहा आणली की ते पंधरा आणतील. ताकद वाढत जाईल, पाणी हाय तेवढंच राहील."

चेअरमननी सगळं ऐकलं, मान डोलवली आणि आठवड्याभरात दहाची मोटर आणली. पलीकडच्यांनी पंधराची आणली. मामा म्हणाले, "म्या सांगितलं होतं." चेअरमन म्हणाले, "व्हय, म्हणूनच आणली."

त्यानंतर दोन पावसाळे कोरडे गेले. तलाव मागं मागं सरकला. काठाला गुडघाभर, मग कमरेएवढा चिखल, आणि मध्ये तेवढं पाणी. दोन्ही बाजूंच्या मोटरींचे पाइप त्या चिखलावरून पाण्यापर्यंत लांबवलेले. दोन्हीकडं काठ्या घेऊन पहारेकरी. वीज ज्या वेळी असेल त्या वेळी दोन्ही मोटरी एकदम सुरू व्हायच्या, कारण एक सुरू झाली आणि दुसरी गप्प बसली असं चालणार नव्हतं. पिकाला पाण्याची गरज असो वा नसो. पाणी कुणाच्या तरी कोरड्या शेतात सोडून द्यायचं, पण सोडायचं.

वस्तीची विहीर तलावाच्या भिंतीखाली होती. ती पाझरावर जगायची, म्हणून सगळ्यांत आधी तीच आटली. बाया गावातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. तिथं त्यांना घागर खाली ठेवून, दुसरं कुणी पाणी ओतून देईपर्यंत उभं राहावं लागायचं. मामी दोन दिवस गेल्या. तिसऱ्या दिवशी घागर पालथी घालून ठेवली आणि मामांना म्हणाल्या, "मी न्हाय जायची. तुमी समुद्राचं बघा."

मामा उठले. ते गुऱ्हाळावर गेले. उसाचा पत्ता नव्हता, त्यामुळं गुऱ्हाळ बंद होतं आणि गूळ उकळायची ती भलीमोठी काहिल पालथी पडली होती. मालकानं ती देऊन टाकली. मामांनी बैलगाडीतून ती तलावावर नेली, चिखलावर फळ्या टाकून पाण्यात ढकलली, आणि रोज संध्याकाळी एक बांबू घेऊन तीत बसून तलावात फिरू लागले. काहिलीला पुढचं-मागचं काही नसतं. ती वल्हवली की गोल फिरते. मामा गोल फिरत फिरत बांबूनं खोली मोजायचे. आमच्या गावाला वाटलं, ते पलीकडच्यांना फितूर आहेत. पलीकडच्यांना वाटलं, आमच्या गावानं आरमार काढलं.

एका सकाळी वस्तीतलं पोरगं मला उठवायला आलं. तलावावर दोन्ही गावं जमली होती. दोन्हीकडं काठ्या, कुऱ्हाडी. एकमेकांचे पाइप फोडायचे असं दोन्हीकडं त्याच दिवशी ठरलं होतं. पण फोडायला कुणी पुढं होत नव्हतं, कारण तलावाच्या मध्यभागी काहिलीत मामा बसले होते आणि त्यांच्या पायाशी दोन फुटव्हॉल्व्ह होते.

फुटव्हॉल्व्ह म्हणजे पाइपच्या पाण्यातल्या टोकाला बसवलेली लोखंडी जाळी-झडप. ती नसली तर मोटर नुसती घुमते, पाणी ओढत नाही. आमचा वॉल्व्ह मामांनी पहारेकऱ्यासमोरच पाना लावून काढला होता. त्याला वाटलं, गाळ साफ करायला काढतायत. त्यानं पाना पकडून मदतही केली. मग ते गोल फिरत पलीकडं गेले. तिथल्या पहारेकऱ्यानं आरडाओरडा केला, पण मध्ये कमरेएवढा चिखल होता. तो ओरडत राहिला आणि मामा बोल्ट फिरवत राहिले.

कुणीतरी दगड मारला. तो काहिलीच्या काठावर बसला आणि देवळातल्या घंटेसारखा टणत्कार झाला. मामांनी दगड कुठून आला ते बघितलंसुद्धा नाही.

मामी काठावर उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो. त्या पाण्याकडं बघतच बोलल्या. "एकाहत्तरला लढाई लागली, तवा ह्यांचं पत्र यायचं, त्यात जहाजाचं नाव नसायचं. सांगायचं नसतंय म्हणं. पत्त्यात नुसता नंबर. एक दिवस पाटलाच्या रेडिओवर सांगितलं, आपलं एक जहाज दुश्मनाच्या पाणबुडीनं बुडवलं. जहाजाचं नाव सांगितलं. आख्खं गाव माझ्या तोंडाकडं बघाय लागलं, ह्येच का म्हणून. मला काय म्हाईत? मी कुणाला इचारू? कपाळ मोकळं करावं का न्हाय, हे बी मला कळंना. मी खडी फोडाय जात राहिले. लढाई थांबल्यावर एक दिवस हे दारात. मी म्हणले, हातपाय धुवा."

"विचारलं नाही काही?"

"काय इचारायचं? आजवर इचारलं न्हाय. हे सगळ्या गावाला समुद्र सांगत्यात, मला न्हाय सांगत." मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आज निदान बुडाले तर मला दिसंल तरी."

तेवढ्यात मामांची हाक आली. "सेक्रेटरी! दोन्ही चेअरमनला काठाला घिऊन या! दोघं काहिलीत बसत असतील तर बोलू. न्हायतर हे दोन्ही फुटबॉल म्या गाळात सोडतो!"

फुटव्हॉल्व्हला गावात सगळेच फुटबॉल म्हणतात.

दोघांनाही पोहता येत नव्हतं. पण पलीकडचे चेअरमन वळसा घालून इकडं आले, "बसतो की" म्हणाले आणि फळीवर पाय ठेवला. मग आमच्या चेअरमनना पर्याय राहिला नाही. मामांनी त्यांना समोरासमोर बसवलं आणि बांबूनं काहिल मध्यभागी नेली. पुढचं मी काठावरून पाहिलं आणि बोलणं मामांकडून कळलं.

"हलू नका," मामा त्यांना म्हणाले. "एक हलला की दोघं जाताल."

"पाणी किती हाय खाली?" पलीकडच्यांनी विचारलं.

"तुमच्या छातीइतकं."

"मग भ्यायचं काय कारण?"

"खाली गाळ किती हाय ते बांबूला बी लागंना झालंय."

त्यानंतर दोघंही हलले नाहीत. काहिल मात्र हळूहळू फिरत होती, त्यामुळं प्रत्येकाला थोडा वेळ आपलं गाव दिसायचं आणि थोडा वेळ दुसऱ्याचं. मामा म्हणाले, "दोघांची ताकद वाढली. पाणी कुणाचं वाढलं ते सांगा. आमच्या वस्तीची हीर आटली. महिन्याभरात तुमच्या दोघांच्या बी आटतील. मग लेकरांना काय मोटर पाजणार?"

काहिल आणखी एक फेरा फिरली. मग आमचे चेअरमन म्हणाले, "ह्यांनी बंद केली तर मी करतो." पलीकडचे म्हणाले, "ह्यांनी केली तर मी." मामा म्हणाले, "दोन्ही फुटबॉल माझ्याकडंच हायत. दोघांची बंदच हाय. नुसतं व्हय म्हणा." दोघांनी पाऊस पडेपर्यंत मोटर न लावण्याचा शब्द दिला.

काठावर पाय लागताच दोघांनीही तो मोडला. आमचे चेअरमन म्हणाले, "पाण्यात दिलेला शब्द जमिनीवर चालत नसतोय." पलीकडचे म्हणाले, "बुडायच्या भीतीनं माणूस काय बी बोलतो." इतकी वर्षं एकमेकांशी न बोलणारी ही माणसं या एका बाबतीत पूर्ण सहमत होती. मामा वॉल्व्ह परत देईनात, तेव्हा दोन्ही संस्थांनी मिळून त्यांच्यावर चोरीची तक्रार द्यायचं ठरलं. दोन्हींचा सचिव मीच, त्यामुळं ती मलाच लिहावी लागली. मामांना येऊन सांगितलं तर ते म्हणाले, "लिहा. शुद्धलेखन बघून लिहा."

परंड्याच्या ठाण्यात फौजदारांनी दोन चेअरमन, पन्नासेक माणसं आणि एक आरोपी असं सगळं बघितलं आणि विचारलं, "काय चोरीला गेलंय?"

"फुटबॉल," दोन्ही चेअरमन एकदम म्हणाले.

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "फुटबॉलसाठी दोन गावं आलीत?"

"दोन फुटबॉल हायत साहेब."

खुलासा व्हायला बराच वेळ गेला. मग मामांना विचारलं, का घेतलं? मामांनी सांगायला सुरुवात केली ती शेजारी देशाच्या पाणबुड्यांपासून. फौजदार कोकणातले होते. हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी मामांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि दोघं तासभर बोलत बसले. शेवटी फौजदारांनी मामांना घरी जायला सांगितलं आणि दोन्ही वॉल्व्ह मुद्देमाल म्हणून जप्त करून कपाटात कुलूपबंद केले.

दोन्ही चेअरमनच्या चेहऱ्यावरून लक्षात आलं की हे त्यांच्या हिशोबात नव्हतं.

नवा फुटव्हॉल्व्ह काही फार महाग नसतो. पण परंड्याच्या वकिलानं सांगितलं, केस चालू असताना नवा बसवला तर नुकसान काय झालं, असं कोर्ट विचारील. दोघांचा वकील एकच होता. शिवाय आमचे चेअरमन रोज पलीकडं बघायचे, त्यांनी बसवला का. आणि ते इकडं बघायचे. पहिला बसवणारा बदनाम होणार होता. मामा भिंतीवर बसून हे पाहायचे. "ह्यालाच धाक म्हणत्यात," ते मला म्हणाले. "दोघांच्या बी मनात हाय, पण दोघं बी करत न्हाईत. मोठ्या मोठ्या देशांचं ह्याच्यावरच चाललंय."

तलावात तळाशी का होईना, पाणी राहिलं. काही दिवसांनी वस्तीच्या विहिरीत घागर बुडेल एवढं पाणी आलं. मामींनी घागर सुलटी केली. त्या रात्री त्यांनी मामांना समुद्राविषयी काहीतरी विचारलं असावं, कारण भिंतीपलीकडून मामांचा आवाज बराच वेळ येत होता, आणि तो भाषणाचा आवाज नव्हता.

पावसाळा लागल्यावर केस उभी राहिली. न्यायाधीशांनी दोन्ही वॉल्व्ह टेबलावर ठेवले आणि विचारलं, तुमचा कुठला, तुमचा कुठला? दोघांनी एकाच वॉल्व्हवर बोट ठेवलं. तो जरा नवा दिसत होता. केस निकालात निघाली. ज्याचा त्याला देऊन टाका, असं सांगून वॉल्व्ह मामांच्याच हवाली केले.

आमच्या चेअरमननी माणूस पाठवून आपला मागवून घेतला. पलीकडचा वॉल्व्ह मामा स्वतः सायकलला बांधून द्यायला गेले. संध्याकाळी उशिरा परत आले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"च्या दिला. घरातल्या कपात." एवढं सांगून ते हातपाय धुवायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "त्यांचा थोरला नेव्हीत जायचं म्हणतोय. पोहायला येतं, पण हिरीतलं. उडी मारून काठ धरण्यापुरतं."

तलाव त्या वर्षी भरला. मामा रोज सकाळी पलीकडच्या चेअरमनच्या थोरल्याला पाण्यात उतरवू लागले. लांबवर पोहणं, तरंगत राहणं, दोरीच्या गाठी. दोन-तीन दिवस आमचे चेअरमन भिंतीवर उभे राहून बघत होते. मग ते मामांच्या घरी आले, नकाशासमोर बसले आणि म्हणाले, "मेजर, त्यांचा एक शिकतोय. आपल्याकडं काय हाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन पुतणे टॉवेल घेऊन तलावावर हजर होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी पलीकडून आणखी दोघं आले. आमच्याकडून तिघं. मामांना सकाळी दोन पाळ्या कराव्या लागल्या.

माझी बदली झाली तोवर त्यातले तिघं नेव्हीत भरती झाले होते. पुढं एका लग्नात आमचे जुने चेअरमन भेटले. पहिलं वाक्य त्यांनी तेच सांगितलं, "आपले दोन, त्यांचा एक." मग मला बाजूला घेऊन आवाज खाली आणून म्हणाले, "पण त्यांचा पाणबुडीवर हाय म्हणं. सेक्रेटरी, त्याच्यावर काय इलाज?"